धरून बस

माझ्या फोनमध्ये त्यांचं नाव ‘मुर्ध्याचे रिक्षावाले दादा’ एवढंच आहे.

माझ्या गर्भपिशवीला टाका घातला होता आणि डॉक्टरांनी सक्त आराम सांगितला होता. तपासणीपुरतं काय ते बाहेर पडायचं, तेही यांच्याच रिक्षातून. काशीमीऱ्याला मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार करायचे, पण दादा ढिम्म. बैलगाडीच्या चालीनं रिक्षा चालवायची आणि खड्डा दिसला की मोठ्यानं म्हणायचं, "खड्डा हाय बाला, धरून बस."

पहिल्यांदा मी म्हटलं, "धरलंय दादा."

"तुला न्हाय गो. आतल्याला सांगतो."

मला रागच आला. आधीच्या वेळी मी पोटाशी रोज गप्पा मारल्या होत्या आणि ते बाळ राहिलं नव्हतं. या वेळी बाळ हातात येईपर्यंत त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही, असं मी ठरवलं होतं. दादांनी मात्र प्रत्येक खड्ड्याला त्याला बजावलं, आणि ते खरंच धरून बसलं.

लेकीला घरी आणलं त्या दिवशी रिक्षा चकाचक पुसलेली होती, पण दादा गप्प. बाळ समोर बघून लाजले असावेत. सिल्व्हर पार्कच्या वळणावरचा नेहमीचा खड्डा दिसला तरी ते काही बोलेनात. मग मीच तिच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "खड्डा हाय बाला, धरून बस."

दादा इतके खदखदून हसले, की इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी रिक्षा सरळ खड्ड्यात घातली.