कोशाले हात न लावणारी कोष्टीण

माझी सासू अनुसयाबाई. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काडी, पण हट्टाले उभी राहिली तर साक्षात ब्रह्मदेव आला तरी त्याले चहा पाजून वापस पाठवन. मी हर्षा, तिची सून; तिच्याबरोबर चोवीस वर्षं काढली, म्हणून सांगून राहिली.

आमचं घर नंदनवन मोहल्ल्यात. घर कोष्ट्याचं. गल्लीतले बाकीचे माग कधीचे भंगारात गेले, पण आमच्या मागच्या खोलीत एक हातमाग अजून चालते अन् माझे सासरे मनोहरराव, आमचे बाबाजी, अजून त्याच्यावर बसतात. नवरा जितेंद्र कळमेश्वरच्या एका कारखान्यात जाते, मी घरी ब्लाउज शिवते. बाबाजी विणतात ते कोशाचं लुगडं, करवतकाठी. कोसा म्हणजे जंगलातल्या किड्याचं रेशीम. किडा आपल्याभोवती सुताचं घर बांधते, ते घर उकळायचं अन् त्याचं सूत काढायचं.

अन् आता गंमत ऐका. आई, म्हणजे माझी सासू, त्या सुताले हात लावत नव्हती! धोट्यात बसवाच्या सुती धाग्याच्या कांड्या ती डोळे मिटून भरन, पण कोशाच्या कांड्या बाबाजी स्वतःच भरत. पाहुणे विचारत, घरात बाई असून हे काय? तर बाबाजी म्हणत, ‘तिले कोसा सोसत नाही.’ जसं काही कोणाले वांगं सोसत नाही! नवी नवरी होती तेव्हा मले वाटलं, बाईचे नखरे आहेत. मनातल्या मनात बोटं मोडली मी.

मंग एक दिवस बाबाजींनीच सांगितलं. आई लग्न होऊन आली तेव्हा कोसा उकळायचं काम तिच्याकडं होतं. पापडखार टाकलेल्या पाण्यात कोसे शिजवायचे अन् मांडीवर सूत वळायचं. आत किडा असते, तो मरतेच. तिले पहिला पोरगा झाला, गेला. दुसरा झाला, तोही गेला. तेव्हा एक आत्यासासू होती घरात, जिभेले हाड नाही अशी. बाळाले पोचवून माणसं घरी आली नाहीत तोच ती म्हणाली, ‘कोशातले जीव भोवले तुले.’ आईनं त्याच दिवशी ते भांडं अंगणात पालथं घातलं. त्यानंतर जितेंद्र झाला, अन् जगला. आता बोला! मी बारावी शिकलेली, वाद घालण्यात कोणाले ऐकत नाही, पण एवढा सहा फुटी पुरावा समोर बसून भाकर खाऊन राहिला तर काय बोलणार?

या वर्षी माझ्या पोरीचं, भूमिकाचं, लग्न ठरलं, मार्गशीर्षातलं. आमच्या घरची रीत अशी, की पोरीचं लग्नाचं लुगडं घरच्या मागावरचं अन् ते तिच्या अंगावर पहिल्यांदा आजी नेसवते. बाबाजींनी डोळ्यांत तेल घालून लुगडं विणाले घेतलं. भूमिका आजीच्या मागंमागं, ‘आजी, तूच नेसवशील न?’ आई एकच बोलली, ‘माह्या हातानं नको. तुह्या संसाराले लागन.’ पोरगी रात्रभर रडली. मले असा राग आला! म्हटलं, आई, पोरीचं मन मोडून राहिल्या तुम्ही. तर म्हणे, ‘मन जुळते वं. लेकरू गेलं तं येत नाही.’

तशात कार्तिक आला. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवायचं असते, दरवर्षी आम्ही बगीच्यातल्या आवळीखाली डबे उघडून उरकतो. या वर्षी जितेंद्र म्हणाला, आपण खऱ्या जंगलात जाऊ, तिथंच गोवऱ्यांवर कणकेचे पानगे भाजू. घरातलं वातावरण जरा निवन, हा त्याचा विचार. भूमिका रुसून आली नाही अन् बाबाजी मागावरून उठले नाहीत. मित्राची गाडी, गोवऱ्यांचं पोतं, कणीक, तूप अन् आम्ही तिघं.

आईचं माहेर उमरेड. उमरेडच्या पुढं ती जन्मात गेली नव्हती. कोळशाच्या खाणीचे काळे डोंगर मागं पडले अन् ती काचेले नाक लावून बसली. भिवापूरकडं मिरचीचे वावर सुरू झाले, मंग धानाचे बांध, मंग साग अन् पळस. एका तलावात कमळाच्या पानांवरून पाखरं चालत होती, पाण्यावर नाही, पानांवर, अन् पान बुडत नव्हतं. ‘थांबव रे!’ आई ओरडली. गाडी थांबली. ती उतरून काठावर कितीतरी वेळ उभीच. ‘पाह्य पाय त्याईचे! काडीवानी बोटं!’ पुढं एक रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यावर आला, घोड्याएवढा, निळसर, गाडीकडं असं पाहिलं जसं काही आम्हीच त्याच्या घरात बिनबुलाये आलो. खरंच होतं ते. तो झाडीत शिरला तेव्हा फांदीसुद्धा हलली नाही.

नागभीडच्या रस्त्यावर एका गावाबाहेर जंगलाच्या कडेले आवळी दिसली. आजूबाजूले ऐनाची झाडं, आमच्याकडं त्याले येन म्हणतात. जागा साफसूफ, खाली गवतही नाही. मी म्हटलं, वा, देवानंच झाडून ठेवलं. आईनं गोवऱ्या रचल्या, पेटवल्या, पदर कमरेले खोचून फुंकर मारली. धूर निघाला तो थेट येनाच्या झाडांत. जितेंद्रनं तंबाखू-सुपारीचा खर्रा काढून घोटाले घेतला.

तेवढ्यात झाडीतून एक बाई धावत आली. एका हातात पाखरं हाकलाची गुलेर, एका हातात बादली. आल्या आल्या तिनं अख्खी बादली पाणी आमच्या चुलीवर ओतलं!

‘ओ बाई!’ मी उसळलीच. ‘डोकं फिरलं का तुमचं? जंगल काय तुमच्या बापाचं आहे?’

‘बापाचं नाई, किड्याइचं हाय! अन् तुमी तो खर्रा फेका पयले! तंबाखूच्या वासानं मरते ते. आंधी वर पाहा न माय, वर पाहा!’

आम्ही वर पाहिलं.

अगागागा. काय सांगू! आधी मले नुसती पानं दिसली. मंग एक पान हललं. मंग सगळं झाडच हलाले लागलं. प्रत्येक फांदीले हिरवेगार किडे, अंगठ्याएवढे जाड, अंगावर चांदीच्या टिकल्या. अन् आवाज! पानं खायचा करकर करकर आवाज सगळ्या झाडांतून येत होता अन् आम्ही इतका वेळ त्याच्या खाली बसून गप्पा हाणत होतो. कुठं कुठं कोसे लागले होते, देठानं फांदीले घट्ट बांधलेले. अन् एका ठिकाणी अर्धा झालेला कोसा होता, पातळ मलमलीसारखा. त्यातून आतला किडा दिसत होता. मान इकडं, मान तिकडं, इकडं, तिकडं.

‘जितू,’ आई हळूच म्हणाली, ‘हा तं धोटा मारून राहिला रे.’

खरंच, मागावर बाबाजींचा धोटा जसा जाते-येते तसंच. आमचं घर पिढ्यान् पिढ्या या सुतावर जगलं, अन् हे सूत कोण विणते ते आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं.

पण आईचा चेहरा उतरला होता. ती विझलेल्या गोवऱ्यांकडं पाहत होती. ‘पुन्हा माह्याच हातानं,’ म्हणाली, अन् मटकन खाली बसली. ‘आगटी मी फुकली न वं हर्षा. पुन्हा माह्याच हातानं.’

ती बाई म्हणजे प्रयागबाई. ढिवर समाजाची, घरात परंपरेनं कोसा पिकवणारी. ती भांडाले आली होती, पण आईले असं बसलेलं पाहून बादली ठेवून दिली. एकेक झाडाखाली जाऊन पाहून आली. ‘एकबी पडला नाई माय. हवा फिरली व्हती. उठ.’ आई उठली नाही. प्रयागबाईनं आम्हाले नाल्याच्या पलीकडं जागा दाखवली, तिथं मी अन् जितेंद्रनं पानगे भाजले. प्रयागबाई आमच्यात जेवली, तूप मागून घेतलं, जितेंद्रले खर्र्यावरून आणखी चार शब्द ऐकवले. मले ती आवडाले लागली होती. आईनं घास घेतला नाही. दुपारभर ती येनाखाली मान वर करून बसली होती. पाखरू आलं की प्रयागबाई ‘हुर्रर्र’ करे, अन् थोड्या वेळानं काय पाहतो, तर आईसुद्धा हात हलवून पाखरं हाकलून राहिली होती!

दिवस कलला तशी प्रयागबाई तिले म्हणाली, ‘चाल माय, तुले एक दाखवतो.’

तिच्या झोपडीत बियाण्यासाठी राखलेले कोसे माळा करून टांगले होते. आत अंधूक, पानाचा-मातीचा वास. आधी काहीच नाही. मंग एका कोशाचं टोक ओलं झालं. आतून कोणी तरी ते भिजवत होतं. सूत बाजूले सरकलं अन् एक डोकं बाहेर आलं, मंग पाय, मंग एक ओलं, चुरगळलेलं काहीतरी. मले वाटलं, मेलं बिचारं. ते माळेले धरून लटकलं. अन् पंख वाढाले लागले. आमच्या डोळ्यांदेखत! सुरकुती उलगडे, पुन्हा उलगडे, शेवटी तळहात भरून उरन एवढं पाखरू झालं, हळदीच्या रंगाचं, अन् प्रत्येक पंखावर एक गोल खिडकी, आरपार दिसणारी. जितेंद्र कारखान्यात मोठमोठ्या मशिनी पाहते रोज, पण दारात हात जोडून उभा होता. मी देवळात गेल्यावरही इकडंतिकडं पाहणारी बाई, पण तिथं मले डोळे हलवता आले नाही. हे दोन हात जोडले जातात ते कशासाठी, ते मले तिथं समजलं.

‘हे खाते काय?’ आईनं विचारलं.

‘काईच नाई. त्याले खायाचं तोंडच नसते. आठ-दहा दिस राहते, अंडी घालते अन् जाते.’

आईनं माळेले लटकलेल्या पाखराकडं पाहिलं. मंग म्हणाली, ‘माहा दुसरा इतकेच दिस होता. त्याले तोंड होतं वं, पण त्यानं दूध घेतलं नाही.’

चोवीस वर्षांत मी तिच्या तोंडून त्या लेकराबद्दल पहिला शब्द ऐकला. जितेंद्र दारातून बाहेर गेला. मंग आईनं प्रयागबाईले सगळं सांगितलं, कोसा उकळायचं भांडं, दोन पोरं, ती आत्यासासू. ‘मी लाखोनं जीव शिजवले,’ म्हणाली. ‘माह्या पदरात पडलं ते बरोबरच पडलं.’

मले वाटलं, आता ही बाई काहीतरी समजुतीचं बोलन, जसं सगळेच बोलतात. प्रयागबाई पाखराच्या पंखाकडं पाहत होती.

‘माहा घरवाला धोंडबा,’ ती म्हणाली. ‘त्यानं जन्मभर एक किडा मारला नाई. राखत व्हता. किडे झाडावर हायेत तोवर मटन नाई, चप्पल नाई, शिवी नाई. परसाल याच येनाखाली राखत बसला व्हता, अन् वाघानं नेला. तूच सांग माय, तुले तं जीव मारल्याचं पाप लागलं. त्याले कायचं लागलं?’

चोवीस वर्षं मी हा वाद हरत होती, पण असा सवाल मले कधी सुचला नव्हता.

‘मंग हे काहून होते वं?’ आईनं लेकरासारखं विचारलं.

‘मले काय मालूम? मालूम असतं तं मी त्याले त्या दिवशी घरी नसतं ठेवलं?’ अन् प्रयागबाई रडाले लागली, इतका वेळ भांडणारी, तूप मागणारी बाई. आईनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. दोघी मनसोक्त रडल्या. मी पण रडली, लपवाचं काय त्यात.

बाहेर जितेंद्रनं हॉर्न वाजवला, अंधार पडाच्या आत निघाचं होतं, रस्ता जंगलाचा होता. आई उंबऱ्यापर्यंत आली अन् थांबली.

‘प्रयागबाई, माह्या नातीचं लगन हाय. लुगडं कोशाचं हाय, तुह्यासारखीनंच राखलेल्या किड्याचं असन. ते मी नेसवणार हाव.’

मी श्वास धरून उभी राहिली, की बोलली तर ही फिरायची.

‘तू ये,’ आई म्हणाली. ‘आपन दोघी मिळून नेसवू.’

प्रयागबाई मागं सरली. ‘मी? येडी झाली का माय? मी कपाळ पुसलेली बाई. नवरीले मी हात लावतो का? पोरीले लागन.’

‘असंच म्हणत होती मी,’ आई म्हणाली. ‘सगळी जिंदगी असंच म्हणत होती. आता नाही म्हणत.’

प्रयागबाई माझ्याकडं पाहाले लागली. पोरगी माझी होती न, आई मी होती. अन् खोटं काहून बोलू, एक क्षण माझ्या मनात आलंच, लोक काय म्हणतील, अन् लोकांच्याही मागं दुसरं एक भेव, जे आईच्या मनात जन्मभर होतं, तेच. त्या एका क्षणात मले माझी सासू पहिल्यांदा समजली.

‘या तुम्ही,’ मी म्हटलं. ‘माझी पोरगी आहे, मी बोलावून राहिली.’

प्रयागबाईनं आपले दोन्ही हात पाहिले, पानांच्या चिकानं काळे झालेले, अन् ते लुगड्याले पुसाले लागली.

‘कोन्या दिवशी हाय लगन?’ तिनं विचारलं.