पापणी न लवणारी मावशी

माझ्या मावशीचा दहा सिनेमांत खून झाला. कधी गळा दाबून, कधी जिन्यावरून ढकलून; एकदा तर मोटारीच्या डिकीत कोंबून. मूळची ती स्टुडिओत कपडे शिवणारी. एका रहस्यपटात प्रेत म्हणून ठेवलेला पुतळा फारच पुतळ्यासारखा दिसला, तेव्हा दिग्दर्शकाने तिला सुई खाली ठेवायला लावून आडवं केलं.

मेल्यासारखं पडणं सोपं नाही. मी खोदून खोदून विचारलं की ती सांगे: अर्धा श्वास सोडायचा, जीभ टाळूला लावायची, नजर एका खिळ्यावर ठेवायची आणि मनातल्या मनात काजं करत राहायची. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, म्हणत, "घरी कधी हिची जीभ टाळूला लागलेली मी पाहिली नाही."

पण मावशीला जिवंत बाईचं काम हवं होतं. एकच वाक्य, पण स्वतःच्या तोंडचं. दहाव्या सिनेमाच्या वेळी दिग्दर्शक म्हणाला, कॅमेरा दारापासून तुमच्या उघड्या डोळ्यांपर्यंत येणार. एवढा लांब शॉट एका दमात दिलात तर पुढच्या सिनेमात बोलाल.

रक्त मावशीनेच घरी शिजवलं होतं. काळ्या-पांढऱ्या सिनेमात रक्ताला रंग लागत नाही, दाटपणा लागतो. म्हणून साखरेचा पाक आणि काजळी. गोडाला मुंगी लागते, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. कॅमेरा सरकत जवळ आला, आणि मुंगी सावकाश, बांध चढावा तशी, गालावरून डोळ्याच्या कडेला आली. मावशी काजं करत राहिली. पापणी लवली नाही.

दिग्दर्शकाने शब्द पाळला. पुढच्या सिनेमात ती शेजारीण झाली. पोलिसाने विचारायचं, हिने दारात उभं राहून सांगायचं, "मी काही पाहिलं नाही."

वाक्य तिने छान म्हटलं. पण अंगवळणी पडलेलं सुटेना. डोळे पोलिसावर खिळलेले, पापणी म्हणून लवत नव्हती. पोलीस झालेला नट एक पाऊल मागे सरकला. मावशीला वाटलं, गेलं काम हातचं.

दिग्दर्शक खुर्चीतून उठला. शेवट बदलायचा, म्हणाला. सिनेमातला खुनी आता पुतण्या नव्हे, ही शेजारीणच. दुधात विष घालणारी. एका वाक्याची अकरा वाक्यं झाली.

सिनेमा लागला, काका पहिल्या खेळाला जाऊन आले. मावशीने दारातच विचारलं, कशी बोलले मी? काका चपला काढून आत येऊन बसले. तिने चहा पुढ्यात ठेवला. त्यांनी कप तिच्याकडे सरकवला.

"आधी तू एक घोट घे."

मावशीने कप उचलला आणि त्यांच्याकडे एकटक पाहत अर्धा चहा पिऊन टाकला.