करिष्मा पाहुण्यांपुढे बोलली

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये करिष्मा भोईरचं जीन्स शिवायचं युनिट होतं. आठ मशिनी, आणि कामाला बहुतेक तिच्याच बदलापूर गावातल्या बायका. माल सगळा चंदरशेठकडे जायचा, तिथून बाजारात. काम बारमाही होतं. तरी आपल्या हातची शिवण एकदा परदेशात जावी, ही तिची फार दिवसांची हौस, आणि ती तिच्या मावसभावाला, दिपेशला, पक्की ठाऊक होती.

दिपेश कारखानदारांच्या संघटनेचा सचिव. तेव्हा युरोपातल्या एका देशाशी व्यापाराचा करार व्हायचा होता. त्यांच्या यंत्रांना आपला बाजार मोकळा करायचा, बदल्यात आपल्या कपड्यांवरची तिथली जकात माफ. वर छोट्या युनिटांतल्या कारागिरांच्या प्रशिक्षणाला ते मदतही देणार होते.

"ताई, त्यांचे लोक येतायत. बाईनं चालवलेलं युनिट बघायचंय त्यांना. तूच बोल," दिपेश म्हणाला.

करिष्मा बोलली. एका पाहुण्याच्या हातात पॅन्ट देऊन म्हणाली, "ही शिवण ओढून बघा. उसवली तर करार करू नका!" दुभाष्यानं सांगितल्यावर सगळे खळखळून हसले, टाळ्या पडल्या, तिचा फोटो निघाला.

सह्या झाल्या. "आता ऑर्डर येईल, मशिनी मोकळ्या ठेव," दिपेशनं कळवलं. तिनं चंदरशेठचं दिवाळीचं काम परत केलं.

"करिष्मा, ये बडे लोगों का मामला है," शेठ म्हणाला. "हातातलं सोडू नको."

शेठच्या पोटात दुखतंय, असं तिला वाटलं.

ऑर्डर काही आली नाही. एका सकाळी ठमाकाकी, तिची सगळ्यांत जुनी कारागीर, आली ती मशीनवर बसेचना.

"उद्यापासून मी अंबरनाथला जाते गो. दिपेसनी त्या गोऱ्यांच्या भागीत कंपनी काढलीय. आमा सगल्यांना बोलवलाय. मना वाटला, तुला ठाव असंल."

करिष्मा तशीच रिक्षा करून अंबरनाथला गेली. कापड कापण्यापासून धुलाईपर्यंत सगळं तिथं एका छपराखाली होतं. जकातमाफी अशाच कारखान्याला मिळणार, ही करारातली अट तिला दिपेशच्या केबिनमध्ये पहिल्यांदा कळली. कारागिरांसाठीची मदतही इथंच आली होती. बाहेरच्या भिंतीवर तिचाच फोटो मोठा करून लावला होता.

"तुला हे आधीपासून माहीत होतं?"

दिपेशनं नजर चुकवली नाही. "होतं. पण सांगितलं असतं, तर तू इतकं मनापासून बोलली असतीस? जाऊ दे ना ताई. इथं सुपरवायझर म्हणून ये."

"परका असतास तर शिव्या घातल्या असत्या," ती म्हणाली. "भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नकोस."

परतताना ती चंदरशेठकडे गेली. दिवाळीचं काम त्यानं केव्हाच दुसऱ्याला दिलं होतं. तिचा चेहरा बघून त्यानं चहा मागवला, लहान मुलांच्या शिवायच्या पॅन्टचा एक गठ्ठा पुढे सरकवला आणि मागचा विषय काढला नाही. तिला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे मावशीचा फोन आला. "धंदा आहे बाई. त्यानं काय तुझं वाकडं केलं?"

"मला खोटं बोलायला सांगितलं असतं, तरी चाललं असतं मावशी," करिष्मा म्हणाली. "मी खरं बोलले, आणि त्यानं ते विकलं."

युनिटमध्ये दोनच बायका राहिल्या होत्या. पुढची ऑर्डर शाळेच्या गणवेशांची होती.