तळपायाला टेकलेला धागा

माझी शाळा येळ्ळुरातली, सातवीपर्यंतची. पुढचं शिक्षण सायकलवर झालं. एकतीस वर्षं दोन किटल्या अडकवून मी वडगावात दूध घातलं, आणि दूधवाल्याला जे कळतं ते पुढाऱ्यालाही कळत नाही. कुठल्या घरात भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या, कुठल्या घरी पाहुणे उतरलेत, सगळं मापावरून समजतं. एकदा माझ्या किटलीत बेडूक निघाला होता. त्याची हकीकत सांगितली की माणसं अजून पोट धरून हसतात. पण बेडूक राहू दे. आज मल्लाप्पाचं सांगायचंय.

मल्लाप्पा विणकर. पुढच्या सोप्यात दोन पॉवरलूम, मधे एक माणूस मावेल एवढी वाट, आणि त्या वाटेत हा सकाळपासून अनवाणी उभा. खडखडाट एवढा, की शेजारी बोललेलं कळायचं नाही. पण त्या आवाजात एखादी तार तुटली, म्हणजे साडीचा धागा तुटला, की हा पाठमोरा असला तरी गर्रकन वळायचा. ठेका चुकला की त्याला पायातून कळायचं म्हणे. बोटांचं तर विचारू नका. एकदा मी पैज लावली. पाच मागांवरचे पाच धागे आणले, त्याच्या डोळ्यांना फडकं बांधलं आणि गल्ली गोळा केली. त्यानं स्वतःचा धागा तर ओळखलाच, बाकीचे कुणाकुणाच्या मागावरचे तेही सांगितलं. माझी नातवंडं म्हणतात, आजोबा वाढवून सांगतात. बरं, पाच नसतील. चार तरी नक्की सांगितले.

दोन वर्षांमागं, साठीला टेकल्यावर, त्याला तुटलेली तार दिसेनाशी झाली. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळे तपासायला गेला, तर त्या डॉक्टरनं आधी रक्त तपासून आण म्हणून सांगितलं. उपाशीपोटी साखर निघाली दोनशे शहाऐंशी. किती वर्षं अंगात मुरली होती कुणाला ठाऊक. पाणी जास्त लागतंय, सारखं उठावं लागतंय, हे तो उन्हाळ्यावर आणि वयावर घालत आला होता.

यशोदाबाई, त्याची बायको, त्या दिवशी जेवली नाही. तिचा थोरला भाऊ ह्याच दुखण्यात पाय कापून गेला होता. तिला मल्लाप्पाच्या साखरेचं भ्या नव्हतं, त्याच्या पायाचं होतं. पाय गेला तर हा मागापुढं उभा राहणार नाही, आणि मागापुढं उभा राहिला नाही तर हा जगणार नाही, असं ती मला दुधाचं पातेलं पुढं करत म्हणाली.

मल्लाप्पानं मात्र दुखणं कामासारखं अंगावर घेतलं. भात बंद केला, चहातली साखर सोडली, भाकरी तोलून खाऊ लागला. पहाटे येळ्ळूरच्या रस्त्यानं चालत यायचा आणि वाटेत मला गाठायचा. गोळी एक दिवस चुकवली नाही. सहा महिन्यांत साखर एकशेतीसवर आली. त्याची पोरगी पूर्णिमा शाळेत शिकवते. ती म्हणाली, माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी असता तर बरं झालं असतं.

एकच गोष्ट त्यानं केली नाही.

साखरेच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. पूर्णिमानं मऊ तळाच्या चपला आणल्या. पण मागाच्या सोप्यात चप्पल घालून कोण जातंय? माग म्हणजे लक्ष्मी. खंडेनवमीला त्याची पूजा होते, नारळ फुटतो. मीसुद्धा एकतीस वर्षं पायताण बाहेर काढूनच आत गेलो. त्या चपला बघून मी म्हणालो, मल्लाप्पा, आता देवळात बी ह्या घालूनच शीर. तो हसला, यशोदाबाई सोडून सगळे हसले. चपला उंबऱ्याबाहेर गेल्या आणि तिथंच राहिल्या. 

चपला घाला म्हटलं की त्याच्याकडं उत्तर तयार होतं. डॉक्टरनं पाय तपासले होते, आणि पाय चांगले निघाले होते. ती तपासणी कशी झाली ते मला फार उशिरा कळलं. पेनासारख्या दांडीला नायलॉनचा धागा बसवलेला असतो. माणसानं डोळे मिटायचे, डॉक्टर तो धागा तळपायाला ठिकठिकाणी टेकवणार, आणि लागला की व्हय म्हणायचं. पूर्णिमा त्या वेळी बाहेर गोळ्या घ्यायला गेली होती.

पावसाळ्यानंतरच्या सणाचं काम जोरात होतं. दोन्ही मागांवर लाल काठाच्या साड्या चालल्या होत्या. सोप्यातल्या फरशीवर लाल ठिपके पडलेले यशोदाबाईनं पाहिले आणि सुताचा रंग उतरला म्हणून पुसून काढले. दुसऱ्या दिवशीही पुसले. मल्लाप्पा उभाच होता, माग चालूच होते.

पाचसहा दिवसांनी मी गेलो. आता दूध पोरगा घालतो, मी नुसता बोलायला जातो. सोप्यात घाण वास येत होता. मी म्हणालो, उंदीर मेलाय कुठंतरी. मग काय, मला उंदराची गोष्ट आठवली. आमच्या गोठ्यात मेलेल्या उंदरापायी आम्ही अख्खी गवताची गंजी उपसली होती, आणि उंदीर निघाला माझ्या काकाच्या बंडीच्या खिशात. मी ती रंगवून सांगतोय, मल्लाप्पा हसत हसत खोकी सरकवतोय, यशोदाबाई मागाखाली खराटा घालतेय. अर्धा तास आम्ही तिघं उंदीर शोधत होतो.

मग यशोदाबाई थांबली. खराटा तसाच हातात, आणि ती नवऱ्याच्या पायाकडं बघत होती.

"बसा बघू खाली," ती म्हणाली.

उजव्या अंगठ्याखाली फणीची तुटलेली तार रुतली होती. फणी म्हणजे मागाचा तो पोलादी कंगवा, ज्याच्या दातांतून धागे जातात. बोटाच्या पेराएवढा एक दात. त्यावर तो जवळजवळ आठवडाभर उभा होता. भोवतीचं मांस काळं पडलं होतं. मल्लाप्पानं पाय मांडीवर घेऊन पाहिला, जसा दुसऱ्याचा पाय बघावा तसा.

"दुखलं न्हाय की गं," तो म्हणाला.

आमच्याकडं बैलाच्या खुरात काटा गेला तर बैल पाय टेकत नाही, मग आपण बघतो. हा टेकतच होता. कोण बघणार?

अंगठा आणि शेजारचं बोट गेलं. पाय वाचला, पण पाऊल अधू झालं. बारा दिवसांनी दवाखान्यात एक बाई डॉक्टर त्याच्या खाटेशी आल्या. मी आणि यशोदाबाई शेजारीच होतो. त्यांनी खिशातून ती धाग्याची दांडी काढली आणि चांगला राहिलेला डावा पाय तपासायला घेतला. मल्लाप्पानं डोळे मिटले.

"व्हय," तो म्हणाला. जरा थांबून, "व्हय." परत तेवढंच थांबून, "व्हय."

 चौथ्यांदा मल्लाप्पा व्हय म्हणाला तेव्हा त्यांचा धागा हवेतच होता. आम्ही दोघांनी ते पाहिलं. यशोदाबाईनं पदर तोंडात धरला.

मल्लाप्पाचे डोळे मिटलेलेच.

"थांबा, बाई," तो म्हणाला. "मी मोजून सांगायलोय. मागच्या डॉक्टरचा हात ठेक्यात चालत हुता, मागावर इकडनं तिकडं पळणाऱ्या धोट्यागत. तेवढं अंतर धरून मी व्हय म्हणत गेलतो."

"पण का असं?" बाईंनी विचारलं.



"विणकराला तार लागंना म्हणून कसं सांगायचं?"

बाईंनी पहिल्यापासून परत तपासलं. या वेळी त्याच्या तोंडून एकही शब्द आला नाही. टाचेवर, चवड्यावर, बोटांवर धागा टेकत गेला आणि तो मिटल्या डोळ्यांनी पडून राहिला. पैजेच्या दिवशी फडकं बांधून बसला होता, ते तोंड मला आठवलं. त्या दिवशी तो असा निवांत नव्हता.

आता एकच माग चालतो, दुसऱ्यावर चादर टाकलीय. दवाखान्यातून घरी आल्यावर यशोदाबाईनं तिसऱ्याच दिवशी त्या मऊ चपला ओल्या फडक्यानं पुसल्या, मागाला हात लावून कपाळाला लावला, आणि चपला उंबऱ्याच्या आत आणून ठेवल्या. तो त्या घालतो. पण जास्त वेळ उभा राहता येत नाही, तोल जातो. माग बराच वेळ तीच सांभाळते, आणि तो स्टुलावर बसून आवाज ऐकतो. तार तुटली की हात वर करतो.

मीही एक नेम केलाय. गेलो की आधी त्याचे पाय बघायचे, गोष्ट नंतर. परवा डाव्या टाचेला एक भेग दिसली, तोंडाशी ओलसर. मी बोटानं दाबली.

"लागतंय का रं?"

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, आता मोजतोय.

"न्हाय, आण्णा," तो म्हणाला.

यशोदाबाईनं माग बंद केला आणि रिक्षा बघायला गेली.