सोनाळ्याची कौसी आणि अर्धा आलू

खरं सांगायचं तर ही साडी पुण्यातल्या माझ्या खोलीत बसूनही छापता आली असती. पण आपल्याला खाज! रद्दीत एक बिनकव्हरची कादंबरी सापडली, लेखकाचं पान उंदरानं खाल्लेलं. नायिका कौसी, सोनाळ्याकडची, सासरच्यांना फाट्यावर मारून कापूस वेचून जगणारी. मी प्रेमातच पडले. सागवानी ठसा कोरला: कौसी, हातात बोंड, कंबर ही एवढीशी. रविवारच्या प्रदर्शनासाठी माझ्याकडे एकच कोरी सुती साडी उरली होती. ती कौसीच्या गावात जाऊन छापायची ठरवली.

रेल्वेनं शेगाव, एसटीनं वरवट बकाल, पुढे ऑटो. ऑटोवाल्यानं सीटमागे चाळीस घेतले आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी ठेवली. उतरल्यावर मागे सातपुडा घेऊन सेल्फी काढला. पोट आत ओढून, अर्थात. गेली दहा वर्षं मी फोटोत श्वास घेतलेला नाही.

मुक्काम मैत्रिणीच्या वहिनीकडे, सुमनवहिनींकडे. रात्री भाकर, ठेचा आणि कढी हाणली. सकाळी ओसरीवर पोती अंथरून साडी ताणली आणि लाल रंगात ठसे मारले. पदरभर तीस कौश्या. काय दिसत होत्या एकेक! मी स्वतःवर बेहद्द खूश.

दुपारी वहिनींच्या शेतातल्या वेचणाऱ्या पाच बाया कापूस टाकायला आल्या. त्यातल्या रुख्माबाई पदरावर वाकल्या.

"काऊन हो ताई, हे बाई कापूस वेचून राह्यली का फोटो काढून राह्यली?"

"वेचतेय की!"

"मंग इची ओटी कुठी हाय? कापूस का कानात भरते?"

सगळ्या खिदळल्या. तेव्हा कुठे माझं त्यांच्याकडे लक्ष गेलं. प्रत्येकीच्या कमरेला दुपट्ट्याची झोळी, कापसानं टम्म फुगलेली. पाचही जणी दिवस भरल्यासारख्या. माझी कौसी मात्र रॅम्पवर निघालेली. मला रडूच आलं. कोरून काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही, आणि दुसरी साडी नव्हती.

"थांबा," म्हणत वहिनी आत गेल्या. भाजीसाठी काढलेला आलू मधोमध कापून आणला, माझ्या निळ्या रंगात बुडवला आणि मी "अहो वहिनी" म्हणेपर्यंत पहिल्या कौसीच्या पोटावर दणकन हाणला.

मी पुसायला फडकं उचललं. मग नीट पाहिलं. अगं बाई! कौसी कामाला लागली होती.

"मले द्या बरं तो आलू," रुख्माबाई पुढे सरकल्या. त्यांनी एकाच कौसीला दोनदा मारला. "माही कौसी जास्त वेचते!"

मग पाचही जणींनी हात धुऊन घेतले. एकीचं पोट दुसरीसारखं नाही. (कुणाला करून बघायचं असेल तर वेचणीच्या दिवसांत जा, आणि दर दहा ठशांनी आलूची चकती कापा, तो मऊ पडतो.)

रविवारी प्रदर्शनात एका बाईंनी पदर हातात घेतला. "कितवा महिना हो हिला?"

"महिना नाही, कापूस आहे."

त्यांनी साडी खाली ठेवली. दिवसभरात कुणीच घेतली नाही. मी घरी येऊन भांड्यांवर राग काढला.

सोमवारी मीच नेसले. निऱ्या खोचल्या, आरशासमोर उभी राहिले आणि सवयीनं पोट आत ओढलं. पदरावर तीस जणी आपापली पोटं घेऊन निवांत उभ्या होत्या.

मी श्वास सोडला.