दाजींचा झ्योलर

सत्तरच्या दशकात अख्ख्या बेळगावात दाजींइतका रागीट माणूस नव्हता, आणि एका परक्या शब्दासाठी इतका चिडणारा तर पुढेही कुणी झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवायचे. प्रशिक्षणासाठी वर्षभर जर्मनीला गेले आणि येताना घड्याळ, रेडिओ काही न आणता एक शब्द घेऊन आले: झ्योलर. ते त्यांच्या तिथल्या घरमालकिणीचं आडनाव. वरच्या मजल्यावरून बाहेर काढलेल्या उघड्या सज्ज्यालाही जुन्या जर्मनीत हेच नाव. मूळ लॅटिन, अर्थ उन्हाची जागा. "आपण गावावरून आडनाव घेतो, त्यांनी उन्हावरून घेतलं," असं ते दूधवाल्यालाही सांगत, आणि त्याने नुसतं "व्हय" म्हटलं की भडकत. जर्मनीच्या काही भागांत याच शब्दाचा अर्थ अंधारा पोटमाळा असा होतो. त्याबद्दल त्यांचा त्या भागांवर राग होता. मी बातमीदार. कोशात पाहून एकदा जेवताना सांगितलं, की काही जाणकार हे आडनाव डुकरं लोळतात त्या डबक्यावरून आलं असं मानतात. दाजी भरल्या पानावरून उठले. दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

टिळकवाडीत घर बांधायला काढलं तेव्हा नकाशात पूर्वेला, वरच्या मजल्यावर, त्यांनी झ्योलर काढला आणि तसंच लिहिलं. तो आक्कासाठी होता. आम्ही वडगावचे विणकर. आक्काचं लहानपण मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, अंधाऱ्या खोलीत गेलं. पुढे तिची हाडं दुखू लागली. डॉक्टरांनी रोज सकाळचं ऊन घ्यायला सांगितलं. मंजुरीच्या कचेरीतल्या कारकुनाने नकाशा परत केला.

"सर, नियमात असलं काही इल्ला. बाल्कनी लिहा, लगेच सही होईल."

"बाल्कनी थिएटरात असते," म्हणून दाजी घरी आले. पावसाळा गेला, हिवाळाही गेला. ते अधूनमधून कचेरीत जाऊन लॅटिनपासून सुरुवात करत. कारकून चहा मागवून शांतपणे ऐकून घ्यायचा, त्याने ते जास्तच पेटत. इकडे भाड्याच्या खोलीत आक्का उंबऱ्यावरच्या हातभर उन्हात पाय ठेवून बसायची. ऊन सरकलं की तीही सरकायची. शेवटी ती म्हणाली, "अहो, मला ऊन पायजे. त्याचं नाव काय, ते मी विचारलं न्हाय."

दाजींनी आपल्या सुबक अक्षरात बाल्कनी लिहिलं आणि पुढे कितीतरी दिवस घरात भांडी आपटली.

घर झालं. आक्का वर बसायची. दाजी कधी चढले नाहीत. "वर या की, लई छान ऊन हाय," ती हाक मारायची. "मी बाल्कनीत बसत नाही," असं खालून उत्तर यायचं.

ऐंशी साली तिला जिना चढवेना. त्या हिवाळ्यात एका सकाळी मी गेलो, तर दाजी तिला उचलून, पायऱ्या उंच केल्या म्हणून गवंड्याला शिव्या देत, वर चढत होते. तिला खुर्चीत ठेवून ते शेजारी फरशीवर बसले. दम लागला होता, कपाळावरची आठी तशीच होती. ऊन थेट त्यांच्या तोंडावर येत होतं. आक्काने पदराचं टोक हातात धरलं आणि त्यांच्या डोळ्यांवर सावली केली.