आमच्या आडनावाचा डबा

गेला सबंध हिवाळा दुसऱ्याच्या आडनावाचा एक स्टीलचा डबा आमच्या ओट्यावर येऊन-जाऊन होता. रविवारी दुपारी तो यायचा, झाकणाच्या कडेला लाल तर्रीचा ओघळ घेऊन. एक-दोन दिवसांत परत जायचा. लग्नातल्या भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरतात, तसे त्याच्या झाकणावर आडनाव कोरलेले होते. आत मासा असायचा. खांदेश्वरला आमच्या सोसायटीमागे जुन्या गावाचे तळे आहे, तिथला. आणि तो आमच्या समोरच्या दारातल्या शेजाऱ्यांनी धरलेला असायचा. मीही त्याच तळ्यावर, त्याच सकाळी, त्यांच्या शेजारच्याच दगडावर बसलेलो असायचो. माझ्या गळाला काही लागलेले नसायचे.

त्यांना तळ्यावर नेणारा मीच होतो, ही बाब त्या दिवसांत मला फार छळत असे. माझे आयुष्य महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवण्यात गेले. वर्गाबाहेर कुणाशी दोन शब्द बोलायचे तर मला आधी मनात वाक्य जुळवून घ्यावे लागते. निवृत्तीनंतर ज्यात बोलावे लागणार नाही असा एखादा छंद शोधत असताना मला मामा आठवले. माझे आजोळ मालवणकडचे. मामा खाडीवर तासन्‌तास गळ टाकून बसत आणि कुणी हाक मारली तरी ओ देत नसत. ते मला लहानपणापासून हेवा वाटण्याजोगे सुख वाटत आले होते. मी पुस्तके वाचली, काठी, रीळ आणि गळ आणले, दोरीला लाल रंगाचे तरंगते बूच बांधले आणि भर पावसाळ्यात छत्री घेऊन तळ्याकाठी जाऊन बसलो. पहिल्या काही आठवड्यांत बोटाएवढे चार-दोन तिलापिया लागलेही. ते मी परत पाण्यात सोडले. मोठा लागेल तेव्हा घरी न्यावा, असा विचार होता.

मग एका रविवारी लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी विचारले, "सर, ही काठी कसली ओ?"

ते विमा कंपनीत अधिकारी, मूळचे सोलापूरकडचे, वयाने माझ्यापेक्षा लहान आणि कुणाशीही पहिल्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत मैत्री करू शकणारे. मी सांगितले. ते म्हणाले, "मी पण येऊ का?" नकाराचे वाक्य माझ्यापाशी तयार नव्हते.

ते आले, माझीच जुनी काठी घेऊन बसले, माझ्याच डब्यातल्या कणकेची गोळी त्यांनी गळाला लावली, आणि मी गळ कसा टाकावा हे समजावून सांगत असतानाच त्यांचे बूच गडप झाले.

"सर! लागला की ओ!"

चांगला हातभर रोहू होता. काठावरची माणसे गोळा झाली. शेजारी सगळ्यांना सांगत होते, "आमच्याकडं टँकरनं पाणी येतं बघा. मासा बघायला मिळत नाही. माझ्या वाटणीचे सगळे हितं साठवून ठेवले असतील." सगळे हसले. मीही हसलो. कोकणातला माणूस कोरड्या हातांनी बसला आहे, हे तेव्हा कुणाला सुचले नव्हते. ते पुढच्या रविवारी सुचले.

त्या दिवसापासून माझा दुष्काळ सुरू झाला.

तळ्यावर गावातले एक आजोबा रोज सकाळी फेरी मारत. प्रत्येक दगडापाशी थांबून विचारत, "काय, बोनी झाली?" दुकानदार दिवसाच्या पहिल्या विक्रीला बोहनी म्हणतो, इथे पहिल्या माशाला. सुरुवातीला ते मलाही विचारत. मी मान हलवली की धीर देत, "पान्यान मासा हाय नं, मास्तर. जाईल कुठं?" पुढे पुढे त्यांनी मला विचारणे सोडून दिले. माझ्या दगडापाशी आले की आकाशाकडे बघत पुढे जात आणि शेजाऱ्यांपाशी पोहोचल्यावरच त्यांना कंठ फुटे. माझी चेष्टा झाली असती तर मी ती सोसली असती. ही दया मात्र थेट काळजात रुतत असे.

आणि दुपारी डबा येई. शेजारच्या वहिनी तो स्वतः आणून देत. काळा मसाला, लसूण, वर तेलाचा तवंग. आमची ही पहिला घास घेऊन डोळे मिटून म्हणे, "गोड आहे हो मासा. मार्केटच्या बर्फातल्याला ही चव नाही." मी म्हणे, "तिखट जास्त आहे." "तिखट तुम्हाला आज लागतंय होय?" ती विचारी आणि दुसरी वाटी भरून घेई. तिला सगळे कळत होते, असे मला आता वाटते.

डबा रिकामा परत द्यायचा नसतो. त्यामुळे तो धुऊन-पुसून त्यात कधी नारळाच्या वड्या, कधी शिरा, कधी घावन भरून जाई. मी ओट्यापाशी उभा राहून पाहत असे. हिशेब सरळ होता: ते मासा देत होते आणि आम्ही शिरा देत होतो. ज्या घरात मासा धरता येत नाही, त्या घरातून शिरा जातो. मांडणीवर आमच्या आडनावाचे डबे एकात एक घालून ठेवलेले होते; त्यातला एकही त्या दारापर्यंत गेला नव्हता. आमच्या आडनावाचा एक डबा माझ्या माशासकट समोरच्या ओट्यावर जाऊन बसावा, एवढीच माझी इच्छा उरली. खाण्यासाठी मासा मला नको होता. मला तो देण्यासाठी हवा होता.

मी चारा बदलला, गळ बदलला, पहाटे लवकर जाऊन त्यांचा दगडही एकदा अडवून पाहिला. ते आले आणि "बसा की सर, बसा," म्हणत माझ्या दगडावर बसले. त्या दिवशी त्यांना दोन मिळाले.

फेब्रुवारीत शेजारी पुतणीच्या लग्नासाठी सहकुटुंब गावी गेले. रविवारी मी एकटाच तळ्यावर गेलो. मोकळे वाटेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात चुकल्यासारखे झाले. डोळे पुन्हा पुन्हा उजवीकडे वळत होते, आणि उजवीकडे रिकामा दगड होता. मग एकाएकी माझ्या ध्यानात आले की इतके महिने मी माझ्या बुचाकडे पाहिलेच नव्हते. मी त्यांच्या बुचाकडे पाहत होतो. इकडे माझे बूच कितीदा बुडाले असेल आणि मासा कणीक खाऊन कितीदा निघून गेला असेल, कोण जाणे. मी दोरी गुंडाळायचो तेव्हा गळ नेहमी रिकामा असे, आणि मी कणकेला दोष देत असे.

आता पाण्यावर बघायला एकच बूच होते. बऱ्याच वेळाने ते थरथरले. एरवी मी लगेच हिसका दिला असता. पण त्यांचे बूच मला पाठ होते. अशी थरथर ही केवळ चाचपणी असते, हे मला हिवाळाभराच्या जळफळाटाने शिकवले होते. मी थांबलो. बूच पुन्हा थरथरले, किंचित कलले, आणि मग तिरपे, अगदी सावकाश, जणू कुणी बोटाने ढकलावे तसे सरकू लागले. आता! शेजारी याच क्षणी मनगट उचलत. मी उचलले.

काठी वाकली. रीळ सैल करायचे की आवळायचे हे पुस्तकात कितव्या प्रकरणात होते ते मला आठवले; तिथे काय लिहिले होते ते आठवले नाही. शेवटी गुडघाभर चिखलात उतरून मी मासा छातीशी धरून वर आणला. रोहू होता. शेजाऱ्यांच्या पहिल्या रोहूपेक्षा थोडा मोठा होता, असे मी आजही ठामपणे म्हणेन.

वर आजोबा उभे होते. "मास्तर," ते म्हणाले, "झाली का बोनी?"

या प्रश्नाचे उत्तर मी कितीतरी रविवार मनात जुळवून ठेवले होते. ऐन वेळी मला फक्त मान हलवता आली. या खेपेला वरून खाली.

हिने ओले खोबरे आणि कोकम घालून कालवण केले. संध्याकाळी समोर कुलूप उघडल्याचा आवाज आला. ती म्हणाली, "देऊन येते." मी म्हणालो, "नको. मी जातो." तिने माझ्याकडे पाहिले, मग मांडणीवरून आमचा डबा काढला, पुसला आणि आडनाव माझ्याकडे येईल असा माझ्या हातात दिला. उभ्या जन्मात मी कुणाच्या दाराची बेल स्वतःहून वाजवली नव्हती.

शेजाऱ्यांनी दार उघडले, झाकण उघडले. "वा सर! मार्केटातनं?"

"तळ्यातला," मी म्हणालो.

त्यांनी डब्यात वाकून पुन्हा पाहिले. मग म्हणाले, "किती वाजता? माझ्या दगडावर का?"

"माझ्या दगडावर."

"चारा कुठला होता ओ?"

"कणीकच."

"कणीकच," ते म्हणाले. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. तिखट जास्त आहे, असे मी ज्या आवाजात म्हणत असे, तोच.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे आपापल्या दगडांवर बसलो. मी माझ्या बुचाकडे पाहायचे ठरवले होते. तरी सवयीने डोळे उजवीकडे गेले. त्यांचे बूच तिरपे सरकत होते. शेजारी मात्र वळून माझ्या बुचाकडे पाहत होते. मी त्यांना सांगितले. परंतु माझ्या स्वभावानुसार वाक्य नीट जुळवून सांगितले. ते पूर्ण होईपर्यंत त्यांचे बूच पुन्हा सरळ उभे राहिले होते.

दुपारी बेल वाजली. वहिनींच्या हातात आमच्या आडनावाचा डबा होता. मी तो ओट्यावर नेऊन उघडला. आत शेंगदाण्याची चटणी होती.

"छान आहे हो," ही म्हणाली. "जरा तिखट आहे."

"मुळीच नाही," मी म्हणालो, आणि आणखी एक चमचा घेतला.